शंवाकिंची रेषा

मराठी व्यंगचित्रांचा विषय निघाला की फडणीस, सरवटे, ठाकरे, लक्ष्मण ही नावे ओघाने येतात. शंकर वासुदेव किर्लोस्कर ऊर्फ शंवाकि यांचे नाव त्यांत क्वचितच घेतले जाते. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ या मासिकांचे संपादक म्हणून शंवाकिंना मोठा मान मिळाला, पण त्या मानाखाली त्यांच्यातला व्यंगचित्रकार झाकला गेला.

चित्रकलेचे धडे त्यांनी लाहोरला पंडित सातवळेकरांकडे घेतले. काका लक्ष्मणरावही आधी चित्रकलेकडेच वळले होते. रंग नीट ओळखू येत नसल्याने ते यंत्रांत रमले. पुतण्याने मात्र कुंचला कारखान्यात आणला.

किर्लोस्करवाडी ही औंध संस्थानातल्या माळावर १९१० साली लक्ष्मणरावांच्या नांगरांच्या कारखान्याभोवती वसलेली वसाहत. तिथून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. कारखान्याच्या बातम्या देणारे हे पत्रक पाहता पाहता मध्यमवर्गीय घरांतले ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघाले.

या मासिकांना समाज बदलायचा होता. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ लेख ‘किर्लोस्कर’ने छापले, अंधश्रद्धा, जातिभेद, बायकांची कोंडी यांवर लेखांमागून लेख आले. शंवाकिंची व्यंगचित्रे याच लढाईतली. लेख लांबला तर वाचक पान उलटतो, चित्रापाशी मात्र थबकतो, हे या संपादकाला पक्के ठाऊक होते. पुढे ही चित्रे ‘टाकांच्या फेकी’ या संग्रहात आली.

कलेच्या कसोटीवर ही चित्रे फडणिसांच्या तोडीची नाहीत. ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठांवर फडणिसांची रेषा एका शब्दाशिवाय हसवते, शंवाकिंच्या चित्राला खालच्या मजकुराचा आधार लागतो, आणि उपदेश कधी कधी विनोदावर चढून बसतो. पण या उण्या बाजूसाठी त्यांना यादीबाहेर ठेवणे हा अन्याय आहे. राजकारणी हे व्यंगचित्राचे सोपे लक्ष्य असते. शंवाकिंनी नेम धरला तो आपल्याच वर्गणीदारांच्या देवघरावर, स्वयंपाकघरावर आणि लग्नाच्या बैठकीवर. त्याला अधिक धैर्य लागते.

आजच्या दिवाळी अंकांत व्यंगचित्रे भरपूर असतात, पण बरीचशी दोन लेखांमधली रिकामी जागा भरण्यापुरती. संपादकाची भूमिका आणि चित्रकाराची रेषा एकाच दिशेने जात आहेत, असे फार थोड्या अंकांत दिसते. सरवट्यांनी ‘ललित’मध्ये ठणठणपाळाला चेहरा दिला तेव्हा ते नाते जमले होते: ठणठणपाळ या नावाने लिहिणाऱ्या जयवंत दळवींचा मजकूर आणि ते चित्र वेगळे काढताच येत नाही.

शंवाकिंची चित्रेही तशीच, शेजारच्या लेखासह पाहावी लागतात. म्हणून नुसत्या चित्रांचे आणखी एक पुस्तक पुरणार नाही. अंकाचा महिना, वर्ष आणि ज्या वादातून चित्र जन्मले तो लेख, हे सारे एकत्र छापणारी आवृत्ती कुणा प्रकाशकाने हाती घ्यायला हवी.