व्यापारी इंग्रजीतील अव्यययुक्त क्रियापदे : खानदेशातील अध्यापनाचा विचार

जळगाव-धुळ्याकडील वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी जी व्यापारी इंग्रजीची मार्गदर्शके प्रचारात आहेत, त्यांत 'पुट ऑफ', 'ड्रॉ अप', 'लुक इन्टू' अशा क्रियापदांच्या लांबलचक याद्या आढळतात. इंग्रजीत या वर्गाला 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. लोगन पीअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या 'वर्ड्स अँड इडिअम्स' या ग्रंथामुळे ही संज्ञा रूढ झाली. याद्यांमागील गृहीत असे की, ही क्रियापदे विद्यार्थ्याला सर्वस्वी अपरिचित आहेत. हे गृहीतच सदोष आहे.

जळगावची डाळगिरणी असो वा धुळ्याची कापसाची पेढी असो, तेथील कारकून 'फॉलोअप घेतो', 'बॅकअप ठेवतो', 'पिकअप' ठरवतो. घरी अहिराणी किंवा लेवा बोली बोलणाराही हे शब्द सहज योजतो. मात्र मराठीत येताना त्यांचे क्रियापदत्व गळाले आहे. ती नामे झाली आणि क्रियेचा भार 'घेणे', 'ठेवणे' यांनी उचलला. तोच कारकून इंग्रजी पत्रात 'टेक फॉलोअप' लिहितो, तेव्हा त्या चुकीचे मूळ अतिपरिचयात असते. पाठांतराने ती कशी जावी?

उपसर्गांचा दाखला देऊन हा विषय शिकविण्याची एक रीत आहे : आहार, विहार, संहार. अर्थभेद दाखविण्यापुरती ती ठीक. पण लौकिक संस्कृतातील उपसर्ग धातूला पुढून जखडलेला असतो. (वैदिक भाषेत तो सुटाही राही, ही गोष्ट वेगळी.) त्याहून जवळचा दाखला मराठीतच आहे. सभा 'पुढे ढकलतात', तक्रार 'मागे घेतात', काम 'हाती घेतात'. असे असता मार्गदर्शके 'पुट ऑफ'चा अर्थ 'तहकूब करणे' असा देतात आणि विद्यार्थ्याची स्वतःची भाषा त्याच्या हातून काढून घेतात. खरी अडचण पदक्रमाची. 'ती पुढे ढकला' यात सर्वनाम जोडीच्या बाहेर राहते. इंग्रजीत ते जोडीच्या मध्येच यावे लागते, 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' ही चूक म्हणूनच इतकी चिवट. याद्यांत तिचा उल्लेखही नसतो.

अर्थाच्या बाबतीतही याद्या फसव्या आहेत. 'कॉल ऑफ' म्हणजे 'रद्द करणे', एवढेच त्यांत सापडते. परंतु ठरावीक मालाचा वर्षभराचा करार झालेला असताना खरेदीदार त्यातील काही माल 'कॉल ऑफ' करतो, तेव्हा तो माल पाठवा असे सांगत असतो. ठिबक सिंचनाच्या नळ्या परदेशी पाठविणाऱ्या जळगावच्या कारखान्यात असे पत्र आले आणि कारकुनाला यादीतला एकच अर्थ पाठ असला, तर मागणी आलेली असताना सौदा मोडला असे तो मालकाला कळवील.