शारदेला सोडवलं कोणी?

मागच्या आठवड्यात साताऱ्यात आपण सावित्रीबाईंच्या कवितेपाशी थांबलो होतो. आज सांगलीत आहोत, म्हणजे देवलांच्या गावात. गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं, हळदीच्या पेवांचं हे गाव. नायगाव आणि हरिपूर एकमेकांसमोर ठेवून वाचावं, असं आम्हाला बरेच दिवस वाटत होतं.

‘संगीत शारदा’ १८९९ सालचं. पैशाच्या लोभानं कांचनभट आपली मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. त्याच सुमारास तिकडे विजयनगरमला गुरजाड अप्पारावांनी ‘कन्याशुल्कम्’ लिहिलं होतं, १८९२ मध्ये. दुखणं तेच. (१९२९ चा ‘शारदा कायदा’ या नाटकावरून पडला, असं आपल्याकडे कित्येकजण समजतात. तो हरबिलास सारडांच्या नावावरून!) देवलांची पदं मात्र आजही ताजी आहेत. शारदा आईशी बोलते ती माजघरातली मराठी आहे, तिला संस्कृताचा शेला पांघरलेला नाही. सुधारणेवरचे शंभर निबंध जे करू शकले नाहीत ते या पदांनी केलं, यात आम्हाला शंका नाही.

पण कथानक पाहा. लग्न मोडतं कशानं? नवरदेव म्हातारा आहे म्हणून नव्हे. वधूवरांचं गोत्र एकच निघतं, म्हणून! पुढे शारदा नदीत जीव द्यायला जाते, कोदंड तिला वाचवतो, आणि शंकराचार्यांच्या संमतीनं दोघांचं लग्न ठरतं. म्हणजे ज्या शास्त्रानं कोंडी केली, त्याच शास्त्राच्या किल्लीनं कुलूप उघडलं. प्रेक्षक सुखावून घरी जातो, शास्त्र जागच्या जागी. देवलांना नाटक चालवायचं होतं, हे कबूल. तरी गोत्र वेगळं निघालं असतं तर काय, हा प्रश्न नाटक स्वतःला विचारत नाही.

आता सावित्रीबाई. ‘काव्यफुले’ १८५४ चं. बाई तेव्हा तेवीस वर्षांच्या. आम्ही भक्तीपोटी खोटं बोलणार नाही. यातल्या बऱ्याच उपदेशपर कविता पद्य म्हणून साध्या आहेत, काही ठिकाणी यमकासाठी शब्द ओढून आणलेले दिसतात. देवलांच्या पदांशी त्यांची बरोबरी होणार नाही. आणि इंग्रजीची, इंग्रजी अंमलाची ती स्तुती! साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये कंपनीनं खालसा केलं, आणि त्याच जिल्ह्यातली ही लेक सहा वर्षांत असं लिहिते. आजच्या वाचकाला खटकतं. आम्हालाही खटकत असे.

खटकणं कमी झालं ते त्यांच्या पत्रानं. २९ ऑगस्ट १८६८, नायगावहून जोतीरावांना. गणेश नावाचा ब्राह्मण, पोथी-पंचांगावर पोट भरणारा. शारजा नावाची महाराची मुलगी. मुलगी सहा महिन्यांची गरोदर. गावकरी दोघांना मारत मारत फिरवतात, जीवच घ्यायला निघतात. सावित्रीबाई धावत जातात आणि सांगतात की खून केलात तर इंग्रज सरकारच्या कायद्यानं शिक्षा होईल. जमाव थांबतो. कवितेतला इंग्रजी अंमल इथे जमिनीवर उतरतो, बरं का. गोत्राचा, आचार्यांचा हवाला नाही. जीव घेणं हा गुन्हा आहे, एवढंच. शारजेला जी जात मारायला निघाली होती, तिची परवानगी बाईंनी मागितली नाही.

म्हणून आम्ही हे पत्र ‘काव्यफुले’च्या शेजारीच वाचतो, स्वतंत्र नाही. कवितेत जे नुसतं सांगितलंय, ते इथे बाईंना अंगावर घ्यावं लागलं, आणि वाक्यं आपोआप आखूड, धारदार झाली.

शेवट मात्र शारदेसारखा गोड नाही. त्या दोघांनी गाव सोडावं, अशी अट गावानं घातली. ती त्यांनी मान्य केली, आणि बाईंनी त्यांना जोतीरावांकडे पाठवून दिलं.