अवैध क्लिक आणि संकेतस्थळधारक : तुझिलिन अहवालाची मर्यादा

जाहिरातीवर क्लिक होताच जाहिरातदाराकडून रक्कम आकारली जाते व तिचा काही वाटा संकेतस्थळधारकास मिळतो. या व्यवहारातील बनावट क्लिकांचा प्रश्न 'लेन्स गिफ्ट्स विरुद्ध गूगल' या अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातील खटल्यात ऐरणीवर आला. २००६ मध्ये कमाल ९ कोटी डॉलर्सची तडजोड झाली आणि न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्राध्यापक अलेक्झांडर तुझिलिन यांचा स्वतंत्र तज्ज्ञ म्हणून अहवाल सादर झाला.

अहवालाचे सामर्थ्य त्याच्या प्रांजळपणात आहे. अवैध क्लिक ओळखण्याचे निकष उघड केले तर लबाडास वाट सापडते. गुप्त ठेवले तर जाहिरातदारास पडताळा घेता येत नाही. हा पेच मान्य करूनही तुझिलिन गूगलचे प्रयत्न वाजवी ठरवतात. पण कोणाच्या दृष्टीने वाजवी?

तडजोड जाहिरातदारांपुरती होती, हे खरे. तथापि त्याच गुप्ततेचा जाच प्रामाणिक संकेतस्थळधारकासही होतो. एखाद्या प्रतिस्पर्ध्याने त्याच्या पानावरील जाहिरातींवर मुद्दाम क्लिकांचा मारा केला, तर खाते बंद होऊन उत्पन्न रोखले जाऊ शकते. फेरविचाराचा अर्ज करता येतो. पण पुरावा कोठून आणावा? त्याच्या सर्व्हरवर पानाच्या भेटींची नोंद असते, जाहिरातीवरील क्लिकची नोंद मात्र जाहिरात पुरवणाऱ्या कंपनीकडे होते. संशयास्पद भेटींवर लक्ष ठेवून कंपनीस आधीच कळवावे, हा नेहमीचा सल्ला म्हणूनच अपुरा वाटतो. हिशेबाची वही ज्याच्या हाती नाही, त्याच्याकडूनच येथे हिशेब मागितला जातो, आणि याची दखल अहवालाच्या मूल्यमापनात पुरेशी उमटत नाही.