रिकाम्या जागेचा प्रश्न

बोधचिन्हांविषयी लिहिताना 'रिकामी जागा बोलते' असे म्हणण्याचा प्रघात आहे. ती कोणाच्या श्रमावर बोलते, हे मात्र सहसा विचारले जात नाही. मला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकेतील फेडेक्स या मालवाहू कंपनीचे बोधचिन्ह लिंडन लीडर यांनी १९९४ साली लँडोर या संस्थेत केले. त्यातील 'ई' आणि 'एक्स' या रोमन अक्षरांमध्ये एक पांढरा बाण आहे. तो कोणी शाईने काढलेला नाही. शेजारच्या अक्षरांच्या कडांनी तो उभा केला आहे. पण हे आपोआप घडले नाही. युनिव्हर्स आणि फ्यूचुरा या दोन अक्षरवळणांचे गुण एकत्र आणून अक्षरे नव्याने घडवावी लागली. म्हणजे रिकामी दिसणारी जागाही कष्टाने घडवलेली असते. आस्वादक समीक्षा नेमके हेच झाकते.

वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाचा पांडा १९६१ चा, पीटर स्कॉट यांच्या हातचा. एका काळ्या शाईत छपाई स्वस्त व्हावी, हाही विचार त्यामागे होता. आजच्या रूपात त्याच्या डोक्याला व पाठीला रेषाच नाही. कागद त्याचे अंग होतो आणि उरलेला आकार पाहणाऱ्याचा डोळा पुरा करतो. एका शाईत पत्रके काढणाऱ्या आपल्या चळवळीने हे ध्यानात घ्यावे.

यावरून काहीजण गावकुसाबाहेरच्या वस्तीला गावाच्या चित्रातली 'बोलकी रिकामी जागा' म्हणतील. हे रूपक मला मान्य नाही. बाण दिसावा म्हणून अक्षरे घडवली गेली. गावगाड्याने बाहेरच्या माणसाचे श्रम घेतले आणि तो दिसू नये अशी व्यवस्था केली. एक वगळणे पाहणाऱ्याला चित्र पुरे करायला लावते, दुसरे माणूस विसरायला लावते. दोन्हींना 'सूचकता' हे एकच नाव देणे म्हणजे अन्यायाला सौंदर्याचा दाखला देणे होय.

म्हणून बोधचिन्ह असो, कथा असो वा पाठ्यपुस्तक, विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी तिथली रिकामी जागा एकदा भरून पाहावी. भरल्याने अर्थ मोडला, तर ती कला. भरताच बाहेर ठेवलेला माणूस पुढे आला, तर ती लबाडी.