स्वयंज्वलन तापमान : तक्त्यातला एक आकडा आणि त्यामागे लपलेली रसायनशास्त्राची गोष्ट

ज्वलनशील बाष्पांवर काम सुरू करणारा प्रत्येक विद्यार्थी आधी स्वयंज्वलन तापमानाचा तक्ता उघडतो. मीही तेच केलं होतं. एन-हेप्टेनसमोर 204 अंश सेल्सिअस लिहिलेलं, म्हणून पहिल्या वर्षाच्या अहवालात ‘204 च्या खाली सुरक्षित’ असं लिहून मोकळा झालो. गाईड मॅडमनी एवढंच विचारलं, “किती वेळात? आणि केवढ्या भांड्यात?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझा आक्षेप या तक्त्यांवर इथेच आहे. हा आकडा उत्कलनबिंदूच्या शेजारी छापतात, त्यामुळे तोही पदार्थाचा गुणधर्मच वाटतो. प्रत्यक्षात तो चाचणीचा निकाल आहे. एएसटीएम ई659 पद्धतीत 500 मिलीचा तापवलेला काचेचा फ्लास्क वापरतात. पेट घेणं न घेणं हे उष्णता किती वेगाने निर्माण होते आणि भिंतींतून किती वेगाने निघून जाते, या शर्यतीवर ठरतं. सेम्योनोव्ह यांनी हे 1928 मध्येच मांडलं. भांडं मोठं झालं की आकारमानाच्या मानाने भिंत कमी पडते आणि आकडा खाली येतो. म्हणूनच मिथेनसाठी कुठे 537 सापडतं, तर कुठे 595.

दुसरी उणीव जास्त खोल आहे. एकच आकडा पाहिला की वाटतं, तापमान वाढवलं की बाष्प लवकर पेटणारच. एन-हेप्टेन तसं वागत नाही. साधारण 700 ते 900 केल्विनच्या पट्ट्यात तापमान वाढवलं तर प्रज्वलनाला उलट उशीर होऊ शकतो. कमी तापमानाला इंधनाचा रॅडिकल ऑक्सिजनशी जोडला जातो आणि पुढे शृंखलेला फाटे फुटतात. तापमान वाढलं की तो जोड सुटू लागतो आणि तो मार्ग मंदावतो. त्याच्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइड साठत जातं, आणि ते भराभर फुटायला आणखी तापमान लागतं. हे सगळं त्या एका आकड्यात दिसणार तरी कसं?

तक्ता फेकून द्या, असं मी म्हणत नाही. दोन द्रवांची तुलना करायला, विजेच्या उपकरणांचा तापमान-वर्ग ठरवायला तो हवाच. पण संशोधनात आकडा उचलताना भांडं, दाब, मिश्रणाचं प्रमाण आणि प्रतीक्षेचा वेळ सोबत लिहा. मॉडेल तपासायचं असेल, तर शॉक ट्यूबमधला प्रज्वलन-विलंब वापरा.

माझ्या अहवालातलं ते वाक्य मी खोडलं. त्या जागी आता अर्धं पान आहे.