तीन तास वीस मिनिटांचा आराखडा

जुन्या शाळेच्या आवाराचा अभ्यास करायचा म्हटला की जुना नकाशा शोधायचा, आजचा नकाशा शेजारी ठेवायचा आणि काय वाढले, काय पाडले याची नोंद करायची, ही रूढ पद्धत. नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवरच्या सेवाग्रामात ती मला अपुरी वाटते. तिथल्या नई तालीम शाळेचा खरा आराखडा एका वेळापत्रकात आहे.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या झाकीर हुसेन समितीने सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाचे साडेपाच तास असे वाटून दिले: मूलोद्योग ३ तास २० मिनिटे, संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटे, मातृभाषा ४०, समाजशास्त्र व सामान्य विज्ञान ३०, शारीरिक शिक्षण १० आणि मधली सुट्टी १०.

हे कोष्टक मी नकाशासारखे वाचतो. दिवसाचा साठ टक्के वेळ चरख्यावर, मागावर नाहीतर शेतात जाणार असेल, तर जागाही तिथेच लागणार. कातायला बसण्यासाठी पडवी, कापसाची कोठी, भाजीचे वाफे, हत्यारे ठेवायची खोली आणि पाणी. वर्गखोलीच्या वाट्याला उरलेला वेळ. शांतिनिकेतनातून आलेल्या आशादेवी आणि आर्यनायकम् यांनी १९३८ पासून हिंदुस्तानी तालिमी संघाच्या वतीने हे काम उभे केले. तिथे स्वयंपाकघर हाही एक वर्गच होता; हिशेब, आहारशास्त्र, स्वच्छता तिथेच शिकायची.

पुढे ही शाळा बंद पडली. २००५ मध्ये त्याच आवारात आनंद निकेतन सुरू झाले. इथली मुले आजही भाजी पिकवतात, स्वयंपाक करतात, सूत कातात. पण या शाळेलाही आज २००९ चा शिक्षण हक्क कायदा लागू आहे आणि त्याच्या परिशिष्टात दुसराच आराखडा आहे. दर शिक्षकामागे एक वर्गखोली, मुख्याध्यापकांची खोली, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, मैदान, भिंत किंवा कुंपण. स्वयंपाकघर आहे, पण माध्यान्ह भोजन शिजवण्यापुरते. वाफ्यांचा उल्लेख नाही. पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास. १९३७ च्या योजनेत २८८ दिवस, म्हणजे १५८४ तास. दोन्ही कागद शेजारी ठेवले की तफावत कुठल्याही इमारतीपेक्षा ठळक दिसते.

म्हणून जुना आराखडा चांगला आणि नवा वाईट, असे मी म्हणणार नाही. मधल्या सुट्टीला दहा मिनिटे! खेळायला जागाच ठेवलेली नाही. मुलांच्या सुतातून शिक्षकाचा पगार काढायच्या कल्पनेत शिक्षण मागे पडून कमाई पुढे येईल, हा धोका समितीनेच नोंदवला होता. उद्योगांच्या यादीत चामड्याचे कामही होते. नागपुरात बसून ती यादी वाचताना मला थांबावेच लागते. ज्या घरांवर ते काम पिढ्यान्‌पिढ्या लादले गेले, त्यांच्या मुलाला बाक, फळा आणि चार भिंती हव्या होत्या, तर त्या मागणीला परक्या शिक्षणाचा मोह म्हणता येत नाही. परिशिष्टातली वर्गखोली त्या मुलाचा हक्क आहे. माझी तक्रार एवढीच, की ती देताना वाफा यादीबाहेर का राहिला?

जतनाचा विचार करणाऱ्यांनीही हा प्रश्न टाळला आहे. इव्हान इलिच १९७८ मध्ये सेवाग्रामात बोलले ते बापूकुटीबद्दल, आणि ते भाषण सुंदरच आहे. पण कुटी एका माणसाच्या राहणीची साक्ष आहे. शाळेचे आवार शेकडो मुलांच्या दिवसाची. कुटीची माती आपण निगुतीने सांभाळतो, तिच्या भिंतींची मापे घेतो. शेजारच्या वाफ्यांची मापे कुणी घेत नाही, कारण ते वास्तू या सदरात बसत नाहीत. सरकारच्या योजनेचे नावच ‘सेवाग्राम विकास आराखडा’. तिच्यात चरख्याचे भव्य शिल्प उभे राहिले. ते पाहायला गाड्या थांबतात. मुले ज्यावर कातायला शिकतात तो चरखा थोड्याच अंतरावर, आनंद निकेतनात असतो, आणि त्याच्यासाठी आठवड्यातले किती तास काढायचे हे शाळेला दहावीच्या परीक्षेकडे एक डोळा ठेवून ठरवावे लागते.