कोहलबर्गची शिडी : उपयोग आणि मर्यादा

अभियांत्रिकीच्या व्यावसायिक नीतिशास्त्राच्या पेपरात कोहलबर्गच्या सहा पायऱ्या हमखास विचारल्या जातात आणि तुम्ही त्या पाठ करून लिहिता. पण हा सिद्धान्त पाठ करण्याचा नाही, तपासून पाहण्याचा आहे. या टिपणात आपण तेच करू.

सुरुवात जीन पियाजेपासून करू. त्यांचा मुलांच्या नैतिक निर्णयांवरील ग्रंथ १९३२ साली आला. त्यांनी मुलांना दोन गोष्टी सांगितल्या. एका मुलाकडून दार उघडताना नकळत पंधरा कप फुटतात. दुसऱ्याकडून गुपचूप जॅम काढताना एकच कप फुटतो. जास्त चूक कोणाची? लहान मुले बहुधा नुकसान मोजतात, मोठी मुले हेतू पाहतात.

लॉरेन्स कोहलबर्ग यांनी १९५८ च्या प्रबंधात हा विचार किशोरवयापर्यंत नेला. हाईन्झची पत्नी कर्करोगाने मरणपंथाला लागली आहे. औषधवाला खर्चाच्या दहापट किंमत मागतो. हाईन्झने औषध चोरावे का? इथे लक्षात ठेवा : ‘चोरावे’ की ‘चोरू नये’ यावरून पायरी ठरत नाही. त्यामागे दिलेल्या कारणावरून ठरते. शिक्षेची भीती आणि स्वतःचा फायदा या पहिल्या दोन पायऱ्या. आपल्या माणसांच्या नजरेत चांगले असणे आणि कायदा-सुव्यवस्था राखणे या मधल्या दोन. सामाजिक करार आणि सार्वत्रिक तत्त्वे या शेवटच्या दोन.

आता मर्यादा पाहू. मूळ अभ्यासात फक्त मुलगे होते. कॅरोल गिलिगन यांनी १९८२ मध्ये दाखवले की नाती जपणारा, काळजीतून आलेला विचार या मोजपट्टीवर कमी प्रतीचा ठरतो. सहावी पायरी तर प्रत्यक्ष मुलाखतींत जवळजवळ सापडलीच नाही. पुढे खुद्द कोहलबर्ग यांच्या गटाने ती गुणांकनातून वगळली.

तिसरा आक्षेप आपल्या देशाशी थेट जोडलेला आहे. जोन मिलर आणि डेव्हिड बेरसॉफ यांनी १९९२ मध्ये म्हैसूर आणि अमेरिकेतील न्यू हेवन येथील मुलांची व प्रौढांची उत्तरे ताडून पाहिली. न्याय आणि आप्तांप्रति जबाबदारी यांत संघर्ष आला, तेव्हा भारतीय बहुधा जबाबदारीकडे झुकले. महत्त्वाचे म्हणजे तिच्याकडे ते वैयक्तिक पसंती म्हणून नव्हे, तर नैतिक कर्तव्य म्हणून पाहत होते. मग अशा उत्तराला ‘खालची पायरी’ म्हणायचे का?

हा प्रश्न मला वर्गात भेटला. काही वर्षांपूर्वी दोन विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्या शब्दशः सारख्या निघाल्या. मी दोघांनाही शून्य दिले. वही देणारा म्हणाला, ‘‘सर, त्याची आई दवाखान्यात होती. मी नाही म्हणालो असतो तर मित्र कसला?’’ मी मनात म्हटले, तिसरी पायरी! आणि विषय संपवला. आज वाटते, शून्य कदाचित बरोबर होते, पण संभाषण तिथे संपवणे चूक होते. तो मैत्रीचे कर्तव्य सांगत होता. वहीऐवजी दोन संध्याकाळी मित्राला प्रयोग समजावून देता आला असता, किंवा मुदतवाढ मागायला त्याला घेऊन माझ्याकडे येता आले असते, हे मी त्याला विचारायला लावले नाही.

तर शिडी टाकून द्यायची का? नाही. शिक्षकाला ती एक मोलाची सवय लावते : मूल काय म्हणाले एवढ्यावर न थांबता ‘का?’ असे विचारण्याची. घातक ठरते ती शिडीची फूटपट्टी करणे. शिवाय उत्तम कारण देता येणे आणि तसे वागणे यांत अंतर असते. परीक्षेत सहावी पायरी लिहिणारा प्रयोगशाळेतले आकडे बदलू शकतो.

तुमच्यापैकी काहीजण उद्या शिक्षक व्हाल, बरेचजण पालक व्हाल. तेव्हा मुलाच्या उत्तरावर पायरीचा शिक्का मारण्याआधी आणखी एक प्रश्न विचारा.

विचारासाठी प्रश्न : वर सांगितलेल्या प्रसंगात तुम्ही शिक्षक असता, तर गुणांचा निर्णय काय घेतला असता आणि त्याचे कारण त्या विद्यार्थ्याला कोणत्या शब्दांत सांगितले असते?